उंदरांना अहो म्हणणारे सर

सरांविषयी लिहायला बसलो आहे खरा, पण हात जरा अडखळतो आहे. मी लेखक नाही. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलं नव्हतं. मी गेलो तोही विज्ञान शिकायला, आणि तिथे साहित्य, कृती, निरीक्षण, निष्कर्ष यापलीकडे काही लिहायची वेळ येत नाही. तेव्हा कुठे चुकलं तर वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं. सर मात्र सांभाळून घेणार नाहीत. हे त्यांच्या हाती पडलं तर चष्मा कपाळावर सरकवून ते पहिला प्रश्न विचारतील, "माझ्यावर लिहिलंत ते ठीक. पण तुलनेला कोण घेतलंय?"

तुलनेला कोणी नाही, सर. तुमच्यासारखा दुसरा माणूस मला भेटला नाही.

पनवेलच्या बाहेर, महामार्ग सोडून आत वळलं की आमची एक लहानशी संशोधन संस्था होती. एक दुमजली इमारत, मागे पत्र्याची लांब शेड, आणि शेडसमोर एक मोठा करंज. नव्वदीच्या सुरुवातीला एम.एस्सी.चा प्रबंध करायला मी तिथे दाखल झालो. घर नेऱ्याच्या बाजूला, वडील वीटभट्टीवर. पहिल्या दिवशी मी इस्त्रीचा शर्ट घातला, डोक्याला भरपूर खोबरेल लावलं आणि शेडच्या दारात उभा राहिलो. सरांनी मला आत घेतलंच नाही. दारातच माझं मनगट धरून, घड्याळाकडे बघत त्यांनी नाडी मोजली.

"घाबरलात?"

"हो, सर."

"छान, खरं बोलता. पण घाबरलेले हात माझ्या मंडळींना चालत नाहीत. करंजाला चकरा मारा, डोकं साबणाने धुऊन या. मग बोलू."

मंडळी म्हणजे उंदीर, हे मला डोकं धुऊन आल्यावर कळलं.

सर विद्यार्थ्यांना अहो-जाहो करायचे आणि उंदरांनाही. पिंजऱ्याचं दार उघडून, हात आडवा धरून ते म्हणायचे, "या. बसा. घाई नाही." आणि उंदीर खरोखर येऊन तळहातावर बसायचा. उलट आमचे संचालकसाहेब, ज्यांच्यासमोर आम्ही सगळे उभे राहायचो, त्यांना मात्र सर भर कॉरिडॉरमध्ये "अरे बंड्या" अशी हाक मारायचे. दोघे एकाच वर्गात शिकलेले होते. संचालकसाहेब इकडेतिकडे बघून, आवाज खाली आणून म्हणायचे, "निदान शिपायांसमोर तरी नको रे." त्यावर सर म्हणायचे, "बरं, बंड्या."

सरांचं काम काय होतं, ते मला जमेल तसं सांगतो. पहिल्याच दिवशी त्यांनी मला विचारलं होतं, "हृदय काय खातं?"

"रक्त, सर."

"ते ताट झालं. ताटात काय?"

मग त्यांनीच समजावलं. हृदय क्षणभरही थांबत नाही, म्हणून त्याला सतत जळण लागतं. पोट रिकामं असलं की ते बहुतेक चरबी जाळतं, जेवण झालं की साखरेकडे वळतं. "तुमच्या घरच्यासारखंच. लाकूड मिळालं तर लाकूड, नाही तर रॉकेलचा स्टोव्ह." हे त्यांना नुसतं मोजायचं नव्हतं, डोळ्यांनी बघायचं होतं. त्यासाठी खाडीपलीकडच्या अणुकेंद्रातून जीपने, शिशाच्या जाड डब्यात, खूण लावलेली साखर यायची. खूण म्हणजे त्यातून अगदी मंद किरण निघत. ती साखर उंदराला टोचायची आणि ती हृदयात शिरेपर्यंत थांबायचं. मग हृदयाच्या पातळ चकत्या एक्स-रेच्या फिल्मवर ठेवून डबा बंद करायचा. काही दिवसांनी फिल्म धुतली की चकतीचं चित्र उमटायचं. जितकं काळं, तितकी साखर हृदयाने खाल्लेली.

चकत्या करायच्या म्हणजे शेवटी उंदीर मारावा लागे. ते काम सर स्वतः करत, दुसऱ्या कोणाला करू देत नसत. त्याविषयी बोलतही नसत. त्या दिवशी त्यांचा डबा तसाच घरी परत जायचा, एवढं मला माहीत आहे.

अडचण अशी की साखर टोचल्यावर उंदराने स्वस्थ बसायला हवं, आणि उंदीर काही स्वस्थ बसत नाही. म्हणून सगळीकडे आधी भूल देतात. सरांचा याच गोष्टीवर राग. "झोपलेल्या माणसाची मुलाखत घ्यायची आणि म्हणायचं, हा फार शांत स्वभावाचा आहे!" ते म्हणायचे. "अहो, झोपेत हृदय वेगळं जेवतं. रक्तातली साखर बदलते, ठोके बदलतात. तुम्ही हृदयाचा फोटो काढलाच नाहीत, झोपेचा काढलात."

यावर त्यांचा उपाय एकच. उंदरांनी जागेपणी, आपखुशीने शांत बसायला शिकायचं. जुन्या पँटींच्या कापडाच्या छोट्या बाह्या शिवलेल्या होत्या. उंदीर बाहीत शिरे, तोंड एका बाजूने बाहेर, शेपटी दुसऱ्या बाजूने. मग ती बाही मांडीवर घेऊन बसायचं, आठवडेच्या आठवडे, तो कंटाळून पेंगायला लागेपर्यंत. बाह्या काकू शिवायच्या. काकू म्हणजे सरांच्या पत्नी. जुन्या पनवेलात, तळ्याजवळच्या चाळीत त्यांचं घर होतं. मी गेलो की चहा पुढे ठेवत त्या म्हणायच्या, "माझा एक ब्लाउज दिवाळीपासून मशीनवर पडलाय. उंदरांचं मात्र वर्षाचं कपडालत्त्याचं काम वेळेवर. बघ बाबा, तू तरी माणसांसाठी काहीतरी शोध लाव."

"त्यांना बाही एका बाजूला घट्ट होतेय," सर आतून ओरडायचे.

"मग शिंप्याकडे न्या त्यांना!"

शेडमध्ये नियम कडक होते. अत्तर नको, पावडर नको. प्रयोगाच्या आदल्या रात्रीपासून उंदीर उपाशी, म्हणून सरही उपाशी. स्टँडवरून वडापाव खाऊन आलेला माणूस त्यांना दारातच ओळखू यायचा. "लसणाची चटणी," ते नाक वर करून म्हणायचे. "यांच्या तोंडाला पाणी सुटलं की माझी साखर चुकते. संध्याकाळी या." घरी भांडून आलेल्यालाही मज्जाव होता. एकदा संचालकसाहेब सकाळी सकाळी शेडमध्ये आले तर सरांनी त्यांचीही नाडी मोजली आणि म्हणाले, "बंड्या, आज वहिनींशी काही झालंय. परत जा."

मंडळींना माणसाच्या आवाजाची सवय व्हावी म्हणून ते रोज वर्तमानपत्र वाचून दाखवायचे. पण बातम्या नाहीत. बातमी वाचताना वाचणाऱ्याचा आवाज चढतो आणि उंदीर दचकतो, असं त्यांचं म्हणणं. अग्रलेख तर मुळीच नाही. म्हणून ते फक्त भरती-ओहोटीच्या वेळा वाचायचे. "भरती, दुपारी. ओहोटी, सायंकाळी." एका पट्टीत, संथपणे, पुन्हा पुन्हा. खाडीवरून वारा येत असायचा, मांडीवर बाह्या घेऊन आम्ही बसलेलो, आणि थोड्या वेळाने उंदरांबरोबर मीही डुलक्या घ्यायचो. मग सर वाचता वाचताच, आवाज न बदलता म्हणायचे, "भरती, दुपारी. विद्यार्थी, जागे व्हा."

माझ्या आईला मी काय शिकतो हे सांगताना पंचाईत व्हायची. एकदा तिने विचारलंच, "आरं, उंदीर मांडीवर घेऊन बसतंस म्हनं?"

"हो आई. त्यांना शांत बसायला शिकवतो."

वडील भट्टीवरून येऊन हातपाय धूत होते. ते म्हणाले, "आमी तुला इतकी वर्सं शांत बसायला शिकवलं, त्याचा पगार कोन देनार?"

पगार म्हणजे माझी शिष्यवृत्ती. प्रबंध चांगला झाला तर संस्थेत तीन वर्षांची संशोधन शिष्यवृत्ती मिळण्याची शक्यता होती. ती मिळाली तर मी पुढे शिकणार, नाही मिळाली तर जी मिळेल ती नोकरी धरणार. हे घरात सगळ्यांना माहीत होतं आणि कोणी बोलून दाखवत नव्हतं.

माझा विषय मात्र सरांच्या मनासारखा नव्हता. डोंगराकडच्या एका झाडाची साल छातीच्या दुखण्यावर उगाळून देतात. तिचा अर्क दिला तर हृदय जास्त साखर घेतं का, ते बघायचं होतं. संचालकसाहेबांचा तो आवडता विषय. जागे उंदीर तयार करायला वेळ नव्हता, म्हणून सगळ्यांना इंजेक्शनने भूल द्यायची असं आराखड्यात ठरलं. सर कुरकुरले, पण त्यांनी मान्य केलं.

तेवढ्यात सरांचंच हर्नियाचं ऑपरेशन निघालं. पूर्ण भूल घ्यायला ते तयार होईनात. "कमरेखाली काय करायचं ते करा, वरचा मी जागा राहणार," त्यांनी डॉक्टरांना बजावलं. पाठीत सुई देऊन खालचं अंग बधिर केलं आणि सर ऑपरेशनभर बोलत राहिले. शेवटी सर्जन म्हणाले, "सर, तुम्ही बोललात की पोट हलतं. पाच मिनिटं गप्प बसाल तर घरी लवकर जाल." काकू म्हणत, एवढ्या वर्षांत मला न जमलेली गोष्ट त्या डॉक्टरने करून दाखवली.

सर रजेवर असताना इकडे माझे उंदीर चालू होते, आणि त्यांना मारायचं कामही आता मलाच करावं लागत होतं. साल न दिलेले सगळे आधी उरकले होते. साल दिलेल्यांची पाळी आली आणि इंजेक्शनचं औषध संपलं. मुंबईहून यायला उशीर होता, खूण लावलेली साखर तर येऊन पडलेली. संचालकसाहेबांनी ओळखीच्या नर्सिंग होममधून हुंगवायची भूल मागवली. "झोप ती झोप," ते म्हणाले. "उंदराला काय कळतंय सुईची की वासाची?" आम्हा सगळ्यांना ते पटलं. न पटण्यासारखं त्यात काही दिसलंच नाही.

फिल्म धुतल्या त्या दिवशी शेडमध्ये गर्दी झाली. साल न दिलेल्यांच्या चकत्या फिकट, धुरकट. साल दिलेल्यांच्या काळ्याभोर, जणू कोणी शाईत बुडवून ठसे उमटवले होते. संचालकसाहेबांनी पेढे वाटले. महिनाअखेरीस शिष्यवृत्ती ठरवणारी समिती येणार होती, तिच्यासमोर हीच चित्रं ठेवायची ठरलं. मी घरी सांगितलं, वडिलांनी भट्टीवर सांगितलं.

दोन दिवसांनी शेजारची आत्या दारात आली. म्हातारा नवरा तिच्या मागे, छातीवर हात ठेवून.

"काय रं, तू हृदयाचा औषद काढलंस म्हनं?"

"अजून तसं काही नाही, आत्या..."

"तुज्या काकाच्या छातीत दुखतं. थोडा आमाला पन दे ना. आमी कोनाला सांगनार नाय."

मी तिला समजावत राहिलो की हे अजून उंदरांवरच आहे. ती म्हणाली, "मंग काय झाला? उंद्राला लागला तर मानसाला लागनारच." आणि वाट बघत ओट्यावर बसून राहिली. मी त्या दोघांना पनवेलच्या डॉक्टरांकडे जायला सांगितलं. ती दोघं उठून गेली.

दुसऱ्या दिवशी सर रुजू झाले, पोट धरून, जरा वाकून. फिल्म उजेडासमोर धरून त्यांनी बराच वेळ पाहिल्या.

"सुंदर. झोप कशी दिली होती?"

"इंजेक्शनने, सर. म्हणजे आधीच्यांना. नंतरच्यांना हुंगवून."

सर स्टुलावर बसले. "म्हणजे तुमच्या दोन गटांत फरक दोन आहेत. श्रेय तुम्ही एकालाच दिलंत."

संचालकसाहेबांना बोलावणं गेलं. "बंड्या, साल न देता नुसतं हुंगवून बघायला हवं."

"आता? समिती तोंडावर आलीय. आणि या पोराची शिष्यवृत्ती तिथेच ठरणार आहे, ते ध्यानात आहे ना तुझ्या?"

"ते आहे, म्हणून तर त्यालाच विचारतो." सर माझ्याकडे वळले. "प्रबंध तुमचा आहे. नको म्हणालात तर मी समितीसमोर एक शब्द बोलणार नाही. फक्त सही करणार नाही."

संचालकसाहेब वैतागून म्हणाले, "सही केली नाहीस तर बोलायचं काय राहिलं?"

मला ओट्यावर बसलेली आत्या दिसत होती. मी म्हणालो, "सर, करून बघू." आवाज इतका बारीक निघाला की सरांनी पुन्हा विचारलं, आणि मला ते दुसऱ्यांदा म्हणावं लागलं. दुसऱ्यांदा जास्त जड गेलं.

निघताना मी त्यांना काकाच्या छातीचं सांगितलं. सर त्याच संध्याकाळी नेऱ्याच्या एसटीत बसले, टाके ओले असताना. काकाला समोर बसवून त्यांनी नाडी धरली. काका घाबरून थरथरत होता. सरांनी खिशातून वर्तमानपत्राचा तुकडा काढला आणि भरती-ओहोटी वाचायला सुरुवात केली. आत्या माझ्या कानात म्हणाली, "मंतर मारतंय काय?" सकाळी सर स्वतः काकाला घेऊन डॉक्टरांकडे गेले. हृदयाचं काही निघालं नाही, जुनं पित्त होतं. आत्या मात्र आजही सांगते की त्या मास्तरच्या मंत्राने उतार पडला.

इकडे मी उरलेले उंदीर घेतले. साल नाही, तिच्याऐवजी नुसतं मिठाचं पाणी, आणि हुंगवायची भूल. चकत्या फिल्मवर ठेवल्या, डबा बंद केला. फिल्म धुवायच्या दिवशी डार्करूममध्ये सर आणि मी दोघेच होतो. लाल दिव्याखाली, ट्रेमधल्या पाण्यात चित्रं हळूहळू वर येऊ लागली. काळी. अगदी साल दिलेल्यांइतकीच काळीभोर.

सालीने काहीच केलं नव्हतं. सगळं भुलीने केलं होतं.

"वा!" सर म्हणाले. त्यांना इतकं आनंदलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. सरांनी ते पाहिलं आणि नेहमीप्रमाणे माझं मनगट धरलं, पण घड्याळाकडे पाहिलं नाही.

"तुमचं औषध गेलं, ते वाईट झालं," ते म्हणाले. "पण हे बघा. एकाच खोलीतले, सारखेच उपाशी उंदीर. एकाला सुईने झोपवलं, एकाला वासाने, आणि दोघांचं हृदय वेगवेगळं जेवलं. हे आज या इमारतीत तुमच्याशिवाय कोणी पाहिलेलं नाही."

"तुम्ही पाहिलंत, सर."

"माझा चष्मा बाहेर राहिलाय. मला नुसता अंधार दिसतोय."

समितीसमोर मी फिल्म ठेवल्या. सर मागच्या खुर्चीवर बसले होते, आणि शपथेवर सांगतो, त्यांचे ओठ हलत होते: भरती, दुपारी. मी सगळं सांगितलं. सुईच्या भुलीत उंदरांच्या रक्तातली साखर चढली होती, तरी हृदयाने ती फारशी घेतली नाही. वासाच्या भुलीत हृदयाने भरभरून घेतली. सालीचा यात कुठेच संबंध नाही.

समितीतले एक गृहस्थ म्हणाले, "म्हणजे तुम्हाला औषध मिळालं नाही."

"नाही, सर."

"मग मिळालं काय?"

"पुढच्या वेळी काय विचारायचं ते, सर."

मागून सर मोठ्याने "वा!" म्हणाले. संचालकसाहेबांनी कपाळाला हात लावला.

शिष्यवृत्ती मिळाली नाही. प्रबंध मंजूर झाला, बरे गुण मिळाले, आणि मी कर्जतजवळच्या एका कॉलेजात शिकवायला लागलो. वडील म्हणाले, "उंद्रांनी नोकरी लावली, चला." सरांचा प्रकल्पही पुढे दोन-तीन वर्षांत गुंडाळला गेला. शेडमध्ये मोडक्या खुर्च्या भरल्या. उरलेल्या मंडळींना सर घरी घेऊन गेले. काकू तेव्हा काय म्हणाल्या, ते मला कधी कळलं नाही, पण पुढच्या वेळी गेलो तेव्हा त्या भाजी निवडत होत्या आणि त्यांच्या मांडीवर एक बाही होती.

मी वर्षातून एकदा-दोनदा जायचो. मग लग्न झालं, मुलगी झाली, जाणं कमी झालं. यंदा सरांच्या छातीत दुखायला लागल्याचं कानावर आलं होतं. या खेपेस पित्त नव्हतं. हृदयावर मोठं ऑपरेशन करायचं होतं आणि जागं राहायची सोयच नव्हती. तारीख मला कोणी कळवली नाही. मी रोज उद्या फोन करू म्हणत होतो.

गेल्या सोमवारी तास चालू असताना शिपाई दारात आला. "सर, ऑफिसात फोन आलाय. पनवेलहून. बाई आहेत." मी जिना कसा उतरलो ते आठवत नाही. करंजाला चकरा मारायला वेळ नव्हता.

"काकू?"

"अरे, ऑपरेशन होऊन आठ दिवस झाले. काल घरी आणलं." मी काही विचारायच्या आत त्याच पुढे बोलू लागल्या. "आत नेताना नाडी अशी धावत होती! मग मी पिशवीतून पेपर काढला आणि वाचलं त्यांना. भरती, दुपारी. ओहोटी, सायंकाळी. ती नर्स माझ्याकडे बघतच राहिली."

"मग?"

"मग काय, झाले शांत. आणि शुद्धीवर आल्यावर पहिलं काय विचारलं असेल? मी समोर उभी, आमची पोरगी रडतेय, आणि हे विचारतात, माझी साखर किती होती? डॉक्टर म्हणाले, वाढली होती. तेव्हापासून माझ्या मागे लागलेत, त्याला फोन कर, त्याला फोन कर. थांब, काय ते नीट लिहून दिलंय, तसंच वाच म्हणाले."

कागद उलगडल्याचा आवाज आला. मग काकू, सरांसारख्याच एका पट्टीत, संथपणे वाचू लागल्या:

"विद्यार्थी, माझीही साखर वाढली होती. परंतु डॉक्टरांनी मला आधी सुई दिली आणि नंतर हुंगवलंही. सबब यावरून कोणताही निष्कर्ष काढू नये."